खैरुन मणियारचं मानपत्र

हुमनाबाद तालुक्यात माणूस निवृत्त झाला, निवडून आला, नाहीतर नुसता साठीचा झाला, तरी त्याला मानपत्र लागतं. लाकडी चौकट, वर काच, कडेनं सोनेरी वेलबुट्टी आणि मधोमध मजकूर. हा मजकूर लिहिणारी सगळ्या तालुक्यात एकच बाई, खैरुन मौलासाब मणियार. 'ज्ञानाचा नंदादीप' हे शब्द तिनं अशा मास्तरांनाही लिहून दिले, ज्यांनी उभ्या जन्मात वर्गात डुलक्या घेण्यापलीकडं काही केलं नव्हतं. 'गोरगरिबांचे कैवारी' असं लिहून घेणारे कैवारी तर विचारूच नका. खैरुनला त्याची लाज नव्हती. मानपत्रात खोटं विकायचं आणि त्या पैशावर 'वेस'मध्ये खरं छापायचं, असा तिचा उघड धंदा होता.

'वेस' हे तिचं मासिक. हळ्ळीखेडच्या बाजारात खताच्या दुकानावरच्या माडीत त्याचं ऑफिस. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरपुढं मंजुश्री, जी पानंही लावायची आणि बातमीसाठी उन्हातान्हात स्कूटीही पिटाळायची. या भागात मराठी मासिक चालवायचं म्हणजे तीन तोंडं सांभाळायची. कन्नडवाले विचारणार, कर्नाटकात राहून मराठी कामून? मोहल्ल्यातले विचारणार, मुसलमान होऊन उर्दू सोडून मराठी कामून? आणि पुण्याहून आलेले पाहुणे म्हणणार, अरे वा, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो! पहिल्या दोघांशी खैरुन भांडायची. तिसऱ्यांना चहासुद्धा द्यायची नाही.

मराठी तिच्या घरात बापानं आणली. मौलासाब खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून जनवाड्यापासून हळ्ळीखेडपर्यंत गावं फिरायचा. ओसरीवर बसून बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरायचा, आणि त्या बायका जे बोलायच्या ते घरी घेऊन यायचा. 'वेस'मध्ये लिहिणाऱ्याला एकच अट होती. 'बांगड्या भरा' ही शिवी म्हणून वापरायची नाही. एका पुढाऱ्यानं भर पत्रकार परिषदेत अधिकाऱ्यांना "हातात बांगड्या भरल्यात का" म्हटलं, तेव्हा ती उठून उभी राहिली होती. "सायेब, बांगड्या भरलेल्या हातानंच तुमच्या आईनं तुमची ढुंगणं धुतली," म्हणाली आणि खाली बसून पुढचा प्रश्न विचारला.

तर अशा बाईच्या माडीवर एका दुपारी बालाजी सर धापा टाकत चढले. बालाजी सर म्हणजे तालुक्याचे पुढारी प्रशांतकुमार अण्णा यांच्या हायस्कुलातले मराठीचे मास्तर, आणि पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या कार्यक्रमांचे निवेदक. आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाला कळायचं नाही.

"ताई, पेढे काढा! अण्णांच्या ट्रस्टनं तुमाला पुरस्कार जाहीर केलाय. 'सीमाभागाची निर्भीड लेखणी'. येत्या रविवारी, हुमनाबादच्या फंक्शन हॉलात."

मंजुश्रीचे हात कीबोर्डवर थांबले. तिनं खैरुनकडं पाहिलं.

"पण एक अडचण हाय," सर घाम पुसत म्हणाले. "मानपत्र."

"मग?"

"मग काय ताई, तुमच्याबिगर इकडं लिहितंय कोण? अण्णा म्हणाले, त्यांनाच लिहायला सांगा. मजकूर थेट बिदरच्या फ्रेमवाल्याला धाडून द्या. मी स्टेजवरच बघतो. आधी वाचलं की माझा जोश जातोय."

मंजुश्रीला हसू आवरेना. ती तोंडाला ओढणी लावून खिडकीशी गेली. हसत होती, पण डोळ्यांत पाणी आलं होतं ते हसण्याचं नव्हतं. कारण पुरस्कार कशाचा आहे ते तिला ठाऊक होतं. तो निर्भीड लेखणीचा नव्हता. तो करडवाडीचा होता.

महिन्याभरापूर्वी करडवाडीहून गुरुबाई आली होती. लिंगायताघरची म्हातारी, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. तरुणपणी मौलासाबच्या हातून बांगड्या भरून घेतलेली, म्हणून खैरुनला लेकीसारखी हाक मारायची. माडीचा जिना चढून ती दारातच बसली आणि पाणी न पिताच म्हणाली, "खैरू, तुझी माय तिथं हाय का बघून ये. माझा धनी तर न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"जेसीबी फिरलाय."

करडवाडीच्या ओढ्यापलीकडं दोन जागा होत्या. एक लिंगायतांची रुद्रभूमी आणि तिला लागून मुसलमानांचं कब्रस्तान. मधे मातीचा बांध, बांधावर सीताफळी. लिंगायत आपल्या माणसाला बसवून पुरतात, मुसलमान निजवून. एका बाजूला बसलेले, दुसऱ्या बाजूला निजलेले, आणि बसलेल्यांनी निजलेल्यांची झोप कधी मोडली नव्हती. मोहरमला इकडचा ऊद तिकडं जायचा. सीताफळं पिकली की पोरं दोन्हीकडून चोरायची.

खैरुन गेली तेव्हा सीताफळी नव्हत्या. बांध नव्हता. सगळं रान लाल, सपाट, तवा पालथा घातल्यासारखं. त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. रस्त्याच्या तोंडाला मोठा फलक, 'नंदनवन लेआउट', अण्णांच्या प्लॉटांचा. गुरुबाईनं ओढ्यातल्या करंजापासून पावलं टाकत अंदाज घेतला आणि एका चौकोनात जाऊन उभी राहिली. चौकोनात खुंटी होती, खुंटीवर नंबर होता.

"हितं बसविला होता," ती म्हणाली.

खैरुननं आपल्या अम्मीची जागा शोधली. अम्मीच्या डोक्याशी काळ्या शहाबादी फरशीचा तुकडा होता, नाव नसलेला. तो नव्हता. रेघांवरून पाहिलं तर अम्मी प्लॉटमध्येसुद्धा नव्हती. अम्मी रस्त्यात होती. तीस फुटी रस्ता, दोन्ही बाजूंनी गटार.

आणि गाव गप्प का, तर अण्णांचं डोकं. लिंगायत आळीत सांगितलं, मुसलमान रुद्रभूमीवर सरकायलेत, म्हणून सगळं मोजून कंपाउंड घालायलोय, गप बसा. मोहल्ल्यात सांगितलं, लिंगायतांनी त्यांची जागा विकली, आता तुमची अडकून पडंल, त्यापेक्षा हायवेला नवी घ्या. दोन्ही आळ्या एकमेकींवर दात खात बसल्या, आणि मधून जेसीबी निघून गेला. सरकारदप्तरात दोन्ही जागांचा सर्वे नंबर एकच होता, आणि त्यावर लिहिलेलं होतं, दफनभूमी. विकायचा हक्क कुणाच्या बापाला नव्हता.

खैरुननं ते लिहिलं. मथळा दिला, 'आमचे मुर्दे कुठं आहेत?' फोटो लावले, पानं उदगीरच्या प्रेसला धाडली. दुसऱ्या दिवशी प्रेसवाल्याचा फोन, "ताई, मशीन बिघडलीय." भालकीच्या प्रेसची मशीनही त्याच आठवड्यात बिघडली. मग शुभेच्छांच्या जाहिराती एकेक करून मागं गेल्या. अंक तयार होता आणि कॉम्प्युटरात पडून होता.

मग मुतवल्ली चाँदसाब आले. कब्रस्तानची देखभाल ज्यांच्याकडं, ते हे. पांढरी दाढी, अत्तराचा घमघमाट. मोहल्ल्यात खैरुनला नावानं हाक मारायचा हक्क असलेले मोजके लोक, त्यांपैकी एक.

"बेटी, कायकू झगडा करते? मुर्दोंकू क्या फरक पडता?"

"मुर्द्यांना न्हाई पडत चाचा. म्हणून तर जिवंतांनी बोलायचं असतंय."

"अण्णा हायवेपर जगा देतूं बोले. कंपाउंड बांधके."

"लिखके दिये?"

"जबान दिये."

"मग अम्मीला जबानीवरच उचलून नेलं का हायवेला? तुम्ही होता तेव्हा?"

चाँदसाबनी दाढीवरून हात फिरवला. बोलायला दुसरं काही राहिलं नाही तेव्हा म्हणाले, "और तू उधर गयी कायकू? औरतां कबरस्तानकू नै जाते, मालूम नै?"

"गेले, कारण मर्द गेले न्हाईत," खैरुन म्हणाली आणि त्यांच्या चपला जिन्याकडं वळवून ठेवल्या.

आणि आता हा पुरस्कार. इकडं सत्कार कसा काम करतो हे बाहेरच्याला सांगावं लागेल. एखाद्यानं तुमच्या गळ्यात हार घातला, खांद्यावर शाल टाकली, फोटो पेपरात आला, की खलास. पुढं त्याच्याविरुद्ध ओळ लिहिली की चहाच्या टपरीवर पोर विचारणार, शाल घेताना कसं गोड लागलं? पत्रकाराला इकडं कुणी मारत नाही. पांघरूण घालून झोपवतात.

"जाऊ नका ताई," मंजुश्री म्हणाली.

"जायचं."

"शाल घेणार तुम्ही त्याची?"

"आधी मानपत्र तर लिवू."

तिनं अण्णांना फोन लावला. प्रशांतकुमार अण्णा शिकले कन्नडमध्ये. मराठी बोलतात फर्डी, मतं मागण्यापुरती तर भारीच. वाचता येत नाही. या भागात अशी माणसं पैशाला पासरी. तीन भाषांत भांडणार आणि एकीतच सही करणार.

"बोला अक्का! झकास लिवा. हात आखडू नका."

"अण्णा, छापायच्या आधी वाचून घ्या."

"तुमी लिवलेलं काय वाचायचं अक्का? आन् मला कुठं येतंय मराठी वाचायला, मला बोलायलाच येतंय." ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

"मग कुणाकडून तरी वाचून घ्या. मागून म्हणू नका."

"अय्यो, तुमच्यावर इश्वास न्हाई का आमचा?"

तिनं सांगायचं ते सांगितलं होतं. फोन ठेवला आणि लिहायला बसली. बसली, आणि हात नेहमीच्या वाटेनं गेला, 'ज्ञानाचा नंदादीप'. तिनं खोडलं. परत लिहिलं, 'लेखणीची मशाल'. तेही खोडलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची मानपत्रं लिहून खरं मानपत्र कसं लिहितात तेच हात विसरून गेला होता. शेवटी तिनं ठरवलं, बातमीसारखं लिहायचं. कोण, कुठं, काय झालं.

मंजुश्रीनं ते टाइप केलं. टाइप करता करता दोनदा थांबली.

"ताई, दावा ठोकतील. मासिक कायमचं बंद पाडतील."

"अंक पडूनच हाय की. पडलेल्याला आणि किती पाडतील?"

"आन् खाली नावं? अर्पणकर्ते म्हणून?"

"रिवाज हाय तो. पुरस्कार देणाऱ्यांची नावं खाली येतात. अध्यक्ष प्रशांतकुमार अण्णा, प्रमुख पाहुणे मुतवल्ली चाँदसाब. मोठ्या टायपात टाक."

फाइल बिदरला गेली. फ्रेमवाल्यानं वेलबुट्टी लावली, काच बसवली. पोचवण्याचा खर्चही अण्णांचाच.

रविवारी हॉल गच्च भरला. अण्णांनी गर्दीसाठी ट्रस्टच्या गाड्या धाडल्या होत्या, आणि जिथं काम काढलंय तिथली माणसं खूश ठेवावीत म्हणून करडवाडीलाच पहिल्यांदा. जेवणात पुरी, बासुंदी. एका गाडीत लिंगायत आळीच्या बायका, दुसऱ्या गाडीत मोहल्ल्यातल्या. हॉलात मात्र पंखे कमी, त्यामुळं पंख्याखाली सगळ्या एकत्रच दाटल्या. बुरख्यांच्या मधे गुरुबाईचं पांढरं डोकं दिसत होतं.

स्टेजवर लाल सोफा. अण्णा, चाँदसाब, दोघांच्या मधे खैरुन, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत मनगट भरून बांगड्या. हार झाले. शाल आली तेव्हा ती म्हणाली, "आधी मानपत्र." सगळे हसले. बाईला घाई झाली, म्हणाले.

बालाजी सरांनी घसा साफ केला. रिवाजाप्रमाणं अण्णांनी चौकटीची एक बाजू धरली, चाँदसाबनी दुसरी, खैरुन मधे उभी राहिली. फोटोवाले पुढं धावले. कुणीतरी मोबाइलवर लाइव्ह सुरू केलं. सर वाचू लागले, छातीतून, हात उंचावून.

"मानपत्र! श्रीमती खैरुन मौलासाब मणियार यांस. आपला बाप बांगड्या भरायचा. आपण जनवाड्याच्या मराठी शाळेत गेलात, कारण ती जवळ होती आणि फी नव्हती! आपण लातूरच्या दैनिकाला पहिली बातमी पाठवलीत, नाव लिहिलंत के. एम. मणियार. संपादकांचं उत्तर आलं, प्रिय श्रीयुत मणियार, शाबास! आपण भेटायला गेलात, तेव्हा त्याच संपादकांनी आपल्याला शिरखुर्म्याची कृती मागितली!"

हॉल खदखदला. सरांना चेव आला.

"पुढं दर रमजानला कृती आणि वर्षातून एकदा तलाकवर चार ओळी, एवढंच आपल्याकडून मागितलं गेलं. आपण पाठवलीत वसतिगृहातल्या किडक्या तांदळाची बातमी. म्हणून आपली नोकरी गेली, आणि म्हणून 'वेस' निघालं! आपल्या ऑफिसची पाटी तीनदा फुटली. एकदा ह्यांनी फोडली, एकदा त्यांनी. तिसऱ्यांदा कुणी फोडली ते कळलं नाही, कारण दोघंही म्हणत होते, आम्हीच!"

टाळ्या. शिट्ट्या. अण्णाही हसत होते, कॅमेऱ्याकडं बघत.

"चालू महिन्यात आपण असे उघडकीस आणलेत की करडवाडीची रुद्रभूमी आणि कब्रस्तान हा एकच सर्वे नंबर असून, तो... तो..."

सरांचा उंचावलेला हात तसाच राहिला. डोळे दोन ओळी पुढं गेले होते. हॉलात कुणी तरी "वाचा की!" ओरडलं. सर ज्या शाळेत शिकवत होते तिचे मालक दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

"बस करा, सर," अण्णा ओठ न हलवता म्हणाले. माईक जवळ होता. सगळ्या हॉलानं ऐकलं.

खैरुन शांतपणे म्हणाली, "अण्णा, मानपत्र अर्ध्यात थांबवत नसतेत. तुमच्या साठीचं मी केवढं लांबलचक लिवलं होतं, लोकांनी शेवटापर्यंत ऐकलं. एक शब्द खरा नव्हता त्यात, तरी ऐकलं."

बालाजी सरांनी चष्मा काढला. सदऱ्यानं पुसला. परत घातला. मग वाचायला लागले, पण तो आवाज निवेदकाचा नव्हता. वर्गात शेवटच्या तासाला मास्तर वाचतो तसा, साधा.

"तो दफनभूमी म्हणून नोंदलेला असून, त्यावर प्लॉट पाडले गेले. लिंगायतांना सांगितलं, मुसलमान सरकले. मुसलमानांना सांगितलं, लिंगायतांनी विकलं. दोन्ही खोटं. गुरुबाईंचे धनी जगदेवप्पा यांची समाधी आज एका प्लॉटमध्ये आहे. आपल्या आईची कबर तीस फुटी रस्त्यात आहे. हे आपण लिहिलं, आणि छापायला कुणी तयार झालं नाही. सबब हे आम्ही सोनेरी अक्षरांत छापून आपणांस सादर अर्पण करीत आहोत. आपले स्नेहांकित, अध्यक्ष प्रशांतकुमार, आणि मुतवल्ली चाँदसाब."

चौकट दोघांच्या हातात होती. सोडावी तर काच फुटणार, धरावी तर फोटो निघणार.

पंख्याखाली गुरुबाई उठली. तिला माईक लागला नाही.

"प्रशांता! माझा धनी मी बसविला होता रे. तुझ्या जेसीबीनं त्याला आडवा केला का?"

तिच्या शेजारची बुरख्यातली बाई उभी राहिली. मग दुसरी. घोषणा नाही, काही नाही. करडवाडीच्या दोन्ही गाड्यांतल्या बायका नुसत्या उभ्या राहिल्या आणि स्टेजकडं बघत राहिल्या. अण्णांनी चौकट सोफ्यावर टेकवली आणि मागच्या दारानं गेले. बासुंदी कुणी खाल्ली ते माहीत नाही.

खैरुननं चौकट काखेत मारली. शाल तिथंच ठेवली.

यापुढं गोष्ट गोड होत नाही. अण्णांनी बदनामीचा दावा लावला. वकील कोर्टात मानपत्र दाखवायला गेला आणि खाली आपल्याच अशिलाचं नाव बघून त्यानं तारीख मागून घेतली. बालाजी सरांना शाळेनं घरी बसवलं. आता ते 'वेस'च्या माडीवर मजकूर तपासतात, आणि कुणी थट्टा केली की म्हणतात, "आता आधी वाचतो बाबा." पाटी चौथ्यांदा फुटली. या वेळी कुणी हक्क सांगितला नाही. खैरुननं नवी पाटी पत्र्याची केली.

अंक सोलापुरात छापून आला. मुखपृष्ठावर एकच फोटो, लाल सोफ्यापुढं दोन माणसं चौकट धरून उभी, चौकटीतला मजकूर वाचता येईल इतका मोठा. लाइव्हचा व्हिडिओ त्याआधीच सगळ्या मोबाइलांतून फिरून तहसीलदारापर्यंत गेला होता. त्यानं काम थांबवण्याचा हुकूम काढला. जेसीबी गेला. फलक अजून आहे. जमीन परत मिळाली का? नाही. प्रकरण चालू आहे.

पण शुक्रवारी दुपारी करडवाडीच्या ओढ्यापलीकडं बायका यायला लागल्या, दोन्ही आळ्यांतल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा चाँदसाब फलकाशी उभे होते. बाजूला झाले. कुणी आपल्या अंदाजानं दगड ठेवते, कुणी चुन्याची रेघ पायानं पुसते. गुरुबाईनं खुंटी उपटून तिच्याच खड्ड्यात सीताफळाच्या बिया टाकल्या.

खैरुननं शहाबादी फरशीचा तुकडा आणला आणि तीस फुटी रस्त्याच्या बरोबर मधे रोवला. मंजुश्री फोटो काढत होती.

"ताई, उद्या रस्ता झालाच तर?"

"तर गाड्या वळून जातील," खैरुन म्हणाली, आणि फरशीवरची माती पदरानं पुसून तिथंच बसली.